रंगाआधीची टकटक

ठाण्यात पाऊस ओसरला की घरोघरी भिंतींकडे लक्ष जातं. चार महिने छत्र्या आणि न वाळणारे कपडे सांभाळण्यात जातात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात अचानक दिसतं की खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर निघाली आहे. दिवाळी तोंडावर असते. रंगारी येतो, मान वर करून बघतो आणि म्हणतो, "लांबी भरून टाकतो, दिसणारसुद्धा नाही."

लांबी म्हणजे पुट्टी. ती भरली की भेग खरंच दिसत नाही. भाऊबीजेपर्यंत तरी नाहीच.

आमच्या नौपाड्यातल्या घरी येणारे रंगारीकाका डबा उघडण्याआधी भिंत वाजवतात. बोटाच्या पेरांनी टकटक करत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात. आवाज भरीव आला की पुढे सरकतात. पोकळ 'ढब' आला की पेन्सिलीने गोल करतात. तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो. तेवढा भाग पाडायचा, वीट ओली करायची, नवा गिलावा चढवायचा आणि त्यावर काही दिवस पाणी मारायचं. घरच्यांना हे नको असतं. धूळ होते ना!

जाळीसारख्या, केसाएवढ्या भेगांनी घाबरू नये. गिलावा वाळताना आकसला, पाणी मारायला कुणीतरी कंटाळलं, एवढाच त्याचा अर्थ. लांबीचे दोन हात पुरतात. स्विचबोर्डापासून सरळ वर गेलेली भेग वायरमनची. पाइप पुरून खाच घाईत बुजवलेली असते.

खोडकर भेग ती कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत आणि गारव्यात सारखी आकसत नाहीत. गिलाव्याखाली तिथे चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, ठोकली असती तर प्रश्नच नव्हता. आता काका पत्र्याच्या टोकाने ती भेग आणखी रुंद करतात, आणि बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. मग ब्रशने धूळ झाडायची, लवचीक क्रॅक फिलर दाबून भरायचं, वर फायबरची जाळीदार पट्टी, मग लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर. नुसती लांबी कडक असते. सांधा हलला की तीही फाटते.

छताच्या बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. स्लॅबला सळईच्या रेषेत भेग आणि भोवती तांबूस डाग, म्हणजे आत गंज. गंज चढलेली सळई फुगते आणि काँक्रीटला खाली ढकलते. अशा छताखाली पीओपीचं नक्षीदार फॉल्स सीलिंग लावून मोकळे होणारे लोक मी पाहिलेत. त्याच पैशात इंजिनिअर येऊन बघून गेला असता. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. सभेत मात्र हा विषय पार्किंगनंतर येतो आणि तोवर चहा आलेला असतो.

आमच्या बेडरूमच्या छतावर डाग तांबूस नाही, नुसती ओल आहे, वरच्यांच्या बाथरूमची. गळती थांबल्याशिवाय आणि स्लॅब पुरता सुकल्याशिवाय काका तिथे ब्रश लावायला तयार नाहीत. वरचे काका-काकू भले आहेत, फरशीचे सांधे भरून घेणार आहेत, पण दिवाळीनंतर. त्यामुळे यंदा चार भिंती नव्या आणि छत जुनं. पाहुण्यांनी वर बघितलं की बायको चकलीची बशी पुढे करते.