पबचं स्वयंपाकघर दोनला बंद होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पूर्वज शोधायला निघता आणि चर्च सोडून आधी पबमध्ये का शिरता, हा प्रश्न पुण्याहून येणारं प्रत्येकजण मला विचारतं. माझा नवरा इंग्रज, त्याचं मूळ घराणं इंग्लंडच्या दक्षिणेतल्या डॉर्सेट जिल्ह्याचं. दर उन्हाळ्यात तो, सासूबाई आणि मी तिकडच्या एखाद्या खेड्यात जातो.

खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर बहुधा दोन-अडीचला बंद होतं. पहिल्या वर्षी आम्ही थडग्यांवरची नावं वाचत राहिलो. अडीच उलटले. गावात साधं दुकानही नव्हतं. ऐंशीच्या सासूबाईंनी गाडीत बसून बिस्किटांवर दिवस काढला. मला ते फार लागलं. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून टेबल राखून ठेवते.

शिवाय कागद गावात नसतातच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं निघतात, तशी इथे चर्चच्या नोंदवह्यांत. १५३८ साली त्या ठेवायचा हुकूम निघाला. जुन्या वह्या आता बहुतेक जिल्ह्याच्या दप्तरखान्यात असतात, डॉर्सेटच्या डॉर्चेस्टरला. गावात उरतात ती माणसं, आणि दुपारी ती पबमध्ये भेटतात.

१८५१ च्या जनगणनेत नवऱ्याच्या पूर्वजाच्या नावापुढे एवढंच आहे: 'ॲग लॅब'. म्हणजे शेतमजूर. गेल्या जूनमध्ये माझ्यासमोर 'प्लाउमन्स लंच', म्हणजे नांगऱ्याचं जेवण, आलं: चेडर चीज, जाडजूड पाव, लोणच्यातला कांदा, चटणी. चीज खपावं म्हणून १९५०-६० च्या सुमारास हे नाव रुजवलं गेलं. पण पाव, चीज आणि कांदा घेऊन शेतावर जाणारे त्याच्या कितीतरी आधीपासून होते. आमच्या घरची कांदा-भाकरी आठवून मला तो घास जड गेला.

सासूबाईंनी काउंटरवर आडनाव सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ग्लास खाली ठेवला. "थडगं शोधू नका. मजुरांना दगड कुठून परवडणार? चर्चच्या उत्तरेला बघा." आमचं जेवण होईपर्यंत ते थांबले आणि सोबत आले.

तिथे नुसतं गवत होतं. मी सवयीनं चपला काढल्या. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, हातातली काठी मला दिली आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकल्या.