आमची वाटचाल : लॅपटॉपच्या आधी मल्टिमीटर

लोटे-परशुराम एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती पॅनल वायरिंग आणि ब्रेकडाऊनच्या कामांनी. प्रशिक्षणाचा विचारही नव्हता. पण रात्रपाळीत प्लांट थांबला की फोन यायचा, "पीएलसी गेला, लगेच या." पीएलसी म्हणजे मशीन कधी चालायचं, कधी थांबायचं हे ठरवणारा कारखान्यातला छोटा कॉम्प्युटर. जाऊन बघावं तर पीएलसी ठणठणीत, सेन्सरची वायर ग्लँडपाशी, म्हणजे केबल आत शिरते तिथे, तुटलेली, नाहीतर टर्मिनलला हिरवा गंज चढलेला. आपली खारी, दमट हवा तांब्याला सोडत नाही. खाडीकाठच्या बर्फ कारखान्यांत तर हे नेहमीचंच. तिथला इलेक्ट्रिशियन कामाला पक्का असायचा, पण पीएलसीला हात लावायला बिचकायचा, कारण त्याला कोणी जवळ बसवून दाखवलंच नव्हतं. शिकायचं तर पुणं-मुंबई गाठा, खोली घ्या, रजा टाका.

म्हणून वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आम्ही सरावाची पॅनल उभी केली. सुरुवातीचे दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही, हा नियम आजही आहे. 35 मिमीच्या रेलवर पीएलसी बसवायचा, वर-खाली हवेला जागा ठेवायची, ड्राइव्हच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) पॉवर केबलपासून सिग्नलच्या वायरी लांब न्यायच्या, फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून झाली की वायर ओढून बघायची. स्टॉप बटण एनसीच (दाबलं नसताना जोडलेलं राहणारं) का घ्यायचं, हे मुलं स्वतः वायर काढून बघतात: वायर तुटली तरी मशीन थांबलंच पाहिजे. आणि इमर्जन्सी स्टॉप नुसत्या प्रोग्रॅमच्या भरवशावर कधीच सोडायचा नाही, यावर मी अडून बसतो.

मग खरा अभ्यास. मुलं चहाला गेली की आम्ही पॅनलमध्ये फॉल्ट घालून ठेवतो. शोधायची वाट ठरलेली: सेन्सरचा दिवा, मग इनपुटचा दिवा, मग लॅडरमधला, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममधला बिट, आउटपुटचा दिवा, शेवटी मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल. सेन्सरचा दिवा लागतोय पण इनपुटचा नाही, तर वायर तपासा. वायर चांगली असेल तर पीएनपी प्रकारच्या सेन्सरच्या जागी कोणी एनपीएन बसवलाय का बघा. दिसायला दोन्ही सारखेच, पण पीएनपी 24 व्होल्ट पुढे देतो आणि एनपीएन 0 व्होल्टकडे खेचतो.

22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण-खेर्डीत पाणी शिरलं, तेव्हा काही दिवस आम्ही घाट उतरून फक्त चिखलाने भरलेली पॅनल धूत होतो. उंचावरची काही युनिटं कोरडी राहिली होती, तरी चालू होईनात. जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकून असतो. बॅटरी कधीचीच संपलेली, त्यात वीज गेली, प्रोग्रॅम पुसला गेला आणि बॅकअप कोणाकडेच नाही. तेव्हापासून बॅकअप काढणं आणि चालू सप्लायवर बॅटरी बदलणं आमच्याकडे परीक्षेत आहे.

"शिकवलं की पोरगा सोडून जातो," असं काही मालक म्हणतात. मला ते पटत नाही. न शिकवलेला पोरगा राहिला, तर रात्रीचा प्लांट कोण चालू करणार?

गणपतीनंतरच्या बॅचमध्ये 4-20 मिलिअँपिअरचे (सेन्सरचं मोजमाप करंटच्या रूपात पाठवणाऱ्या सिग्नलचे) धडे वाढवतोय, कारण लोट्याच्या केमिकल प्लांटमध्ये लेव्हल आणि तापमान यावरच येतं. 4 आले तर टाकी रिकामी, 0 आला तर वायर तुटलेली किंवा सप्लाय गेलेला. पंप चालू करण्याआधी हा फरक ऑपरेटरलाही कळायला हवा, म्हणून या वेळी ऑपरेटरनाही बोलावलंय.