काकांच्या माळ्यावरचा मोहालीकर

दिवाळीत बडोद्याला, दांडिया बाजारच्या घरी काकूंनी माळा आवरायला काढला आणि सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं एक धूड खाली आलं. बदामी रंगाचं, टाइपरायटरएवढं, वर लाल-केशरी कळांची रांग. मी राहते त्या केंब्रिजमधल्या सेंटर फॉर कम्प्यूटिंग हिस्ट्री या संग्रहालयात लेकीला दोनदा नेलंय, त्यामुळे मी लगेच फुशारकी मारली, "काका, हा बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर! आमच्या केंब्रिजचा. एकॉर्न कंपनीनं 1981 साली काढलेला."

"आमच्या?" काका म्हणाले. एवढंच.

संग्रहालयातल्या एका निवृत्त स्वयंसेवकाला फोटो पाठवले. उत्तर येईपर्यंत काकांना धीर कुठला! स्टॅबिलायझर लावून बटण दाबलं. आधी जाड, मग बारीक असा दोन सुरांचा आवाज आला, संग्रहालयात येतो तस्साच. माझ्या अंगावर काटा. पाच मिनिटांत मागून पांढरा धूर आणि असा घाण वास, की शेजारचे विचारायला आले. संध्याकाळी उत्तर आलं. पहिलीच ओळ: काहीही करा, पण प्लग लावू नका. पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) तडकतात आणि धूर काढतात. ते बदलले की बहुधा मशीन पुन्हा चालतं.

त्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं. ना फी, ना ओळखपाळख, पण चार दिवस मेलवर मेल. पुढून काढलेले फोटो नकोत म्हणे. 'फिक्स' लिहिलेल्या जागचेच स्क्रू काढा, झाकण उघडा, चिपांवरचे चार आकडे वाचा. एकीवर 8438 होतं, म्हणजे 1984 सालचा अडतिसावा आठवडा. मग त्यानं विचारलं, नावाच्या पट्टीवर काय आहे? पट्टीवर काकांच्या शाळेनं पांढऱ्या ऑइलपेंटनं डेडस्टॉक नंबर, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतला नंबर, फासला होता. काकूंनी रॉकेलचा बोळा फिरवला. खालून निघालं: एससीएल युनिकॉर्न.

एससीएल म्हणजे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड, मोहालीची तेव्हाची सरकारी कंपनी. 1984 साली सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक साक्षरता योजना काढली, तिच्यात बीबीसी मायक्रो होते. एकॉर्नच्या आराखड्यावर एससीएलनं बनवलेला तो युनिकॉर्न. काका गणित शिकवायचे त्या शाळेत तो आला आणि पुढे भंगाराच्या लिलावात काकांनीच उचलला.

आता तुलना आलीच. केंब्रिजच्या त्या संग्रहालयात लेक हातातलं बिस्कीट न टाकता कळा बडवत होती, कुणी ओरडलं नाही. माझ्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, मशीनवर गादीची खोळ असावी तसं कव्हर, आणि आठवड्यातून दहा मिनिटं, तीही तिघींत मिळून. वर्षभरात मी एकदाच एंटर दाबलं. राग येतो अजून. पण मग वाटतं, दोन मशीन आणि तीनशे मुलं असतील तर सरांनी दुसरं काय करायचं होतं? 32 के (किलोबाइट) मेमरीला देवघरासारखं जपलं, म्हणून तर माळ्यावरचं मशीन चाळीस वर्षांनी बीप करू शकलं. (केंब्रिजमध्ये मी हे ठासून सांगते. इथे लिहिताना जरा कमी ठासून.)

स्वयंसेवकानं शेवटी हळूच विचारलं, संग्रहालयाला द्याल का? मला थोडा अभिमान वाटला, थोडं खटकलंही. पुण्यात गेलं की मला 'मूळच्या कुठल्या?' विचारतात, बडोदा सांगितलं तरी 'हो, पण मूळच्या?' असं असतं. तेच या बिचाऱ्यावर आलं. काकांनी मात्र क्षणात निकाल लावला, "त्यांना सांग, मोहालीचा आहे आणि बडोद्यात राहतो."

काकू म्हणाल्या, "मग चालवून दाखवा ने एकदाचा, नाहीतर भंगारवाल्याला द्या."

निघताना काकांनी कपॅसिटरचे आकडे चिठ्ठीवर लिहून दिले. "पुढच्या खेपेला चॉकलेटं नकोत, हे दोन आण."