दीडशे मैल लांबून

लंडन-न्यूयॉर्क विमानाचा फ्लाइट प्लॅन पाठवून पाचच मिनिटं झाली असतील, तोच कॅप्टनचा फोन आला. "दीडशे मैल जास्त दिसतायत. सरळ का नाही नेत?"

ऐन हिवाळ्यातली सकाळ. डिस्पॅचर म्हणून, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन जमिनीवरून आखणारी म्हणून, माझं पहिलंच वर्ष, त्यामुळे छातीत धस्स झालं. प्रश्न रास्तच होता. लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके या विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर साधारण ३००० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ५५५० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला की मिळते तीच ही रेघ. ती कधी बदलत नाही. पण विमान ज्या हवेतून जातं, ती हवा रोज वेगळी वाहते.

मी वाऱ्यांचा नकाशा मोठा केला. त्यावरच्या बाणांना खुणा असतात: भरीव त्रिकोण म्हणजे ५० नॉट (तासाला ५० नॉटिकल मैल), लांब काडी १०, आखूड काडी ५. सरळ मार्गावर बाणामागून बाण, आणि प्रत्येकावर दोन त्रिकोण, दोन लांब काड्या. १२० नॉट, थेट नाकावर. उत्तरेकडे सरकलं की एक त्रिकोण, एक काडी.

मी त्यांना ढोबळ हिशेब वाचून दाखवला. हवेतला वेग ४८० नॉट धरला, तर सरळ मार्गावर जमिनीच्या हिशेबाने उरतात ३६०. ३००० मैलांना ८ तास २० मिनिटं. उत्तरेकडून मैल ३१५०, पण वेग ४२०, साडेसात तास. पन्नास मिनिटं वाचतात. त्या विमानाला तासाला सहा टन इंधन लागायचं, म्हणजे पाच टनांचा फरक. सरळ मार्गाचं इंधन भरलं असतं, तर उड्डाणाच्या वजनमर्यादेसाठी तेवढाच माल खाली उतरवावा लागला असता. वाढीव इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतंच, ते वेगळं.

पलीकडे शांतता. कागद उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. माझ्यासाठी अर्धा टन जास्त भरा."

तो त्यांचा अधिकार, आणि मला तो पटलाही. वाऱ्याचा अंदाज हा शेवटी अंदाजच.

विमान निघाल्यावर मी चहालाही उठले नाही. ३० अंश पश्चिम रेखांश ओलांडल्याची वेळ आली: प्लॅनपेक्षा दोन मिनिटं आधी. तेव्हा कुठे खांदे सैल झाले.

त्याच रात्री परतीचा प्लॅनही माझ्याकडेच होता. पूर्वेकडे येताना तेच वारे पाठीशी असतात. २०२० च्या फेब्रुवारीत अशाच वाऱ्यांवर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. सकाळी टाळलेले ते दोन-दोन त्रिकोणांचे बाण आता मी शोधून शोधून मार्गात घेतले. वेळ निघाली ५ तास ५ मिनिटं.