शेजारची किल्ली

आमच्या देवघराशेजारी भिंतीला एक खिळा आहे. आधी त्यावर कॅलेंडर असायचं. गेले चौदा महिने तिथं शेजारच्या घराची किल्ली लटकते आहे. किल्लीच्या कडीत बोटाच्या पेराएवढा पितळी क्रॉस आहे. येता-जाता पदर लागून तो हलतो, आणि हलून हलून त्यानं भिंतीवर अर्धचंद्रासारखा ओरखडा काढलाय. गेल्या खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, सुरी, कात्री, मुलाची गाडी अशी सगळ्यांची पूजा केली आणि जाता जाता त्या किल्लीलाही हळद-कुंकू लावलं. मी म्हटलं, "आई, ती सरांच्या घराची आहे." तर म्हणाल्या, "मग? राखण करतीया न्हवं ती?" क्रॉस अजून कडेनं पिवळा आहे. सिस्टरना फोनवर सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

सर आणि सिस्टर. गल्लीत त्यांना दुसरं नावच नाही. सर गणित शिकवायचे. सिस्टर मिरजेला नर्सिंग शिकल्या आणि पस्तीस वर्षं वॉर्डात उभ्या राहिल्या. गंमत अशी की सरही बायकोला 'सिस्टर'च म्हणतात. लग्नानंतर दोघं क्वार्टर्समध्ये राहायचे, रात्री-अपरात्री दारावर "सिस्टर, सिस्टर" अशी थाप पडायची, तेच सरांच्या तोंडात बसलं. समोर नवीन भाडेकरू आले की महिनाभर त्यांची कुजबुज चालते, मग त्यांनाही सवय होते.

आमच्या गल्लीतली माणसं निवृत्तीनंतर दोनच ठिकाणी जातात. एक तर पुण्याला मुलाकडे, नाहीतर अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणाला. हे दोघं गेल्या वर्षी मे महिन्यात आफ्रिकेत मलावीला गेले. सर अडुसष्टचे, सिस्टर सहासष्टच्या. तिथल्या एका मिशन शाळेला गणिताचा मास्तर हवा होता आणि शेजारच्या दवाखान्याला अनुभवी नर्स. चर्चमधून विचारणा झाली, दोघांनी आठ दिवस विचार केला आणि हो म्हणून टाकलं. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या, तिकिटं पेन्शनीतून. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून ब्लँटायर. सामानात दोन किलो कांदा-लसूण चटणी. ती नेऊ देतील का, या काळजीनं सिस्टरना आदल्या रात्री झोप नव्हती. परदेशाची काळजी नव्हती, चटणीची होती.

गल्लीत अर्थातच चर्चा झाली. "धर्मप्रचाराला गेले असतील," असं एकानं कट्ट्यावर ठामपणे सांगितलं. मला आडून बोलणं जमत नाही, मी सिस्टरनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिथं आपल्यापेक्षा जास्त लोक चर्चला जातात. माझ्याआधी त्यांनाच माझी प्रार्थना कच्ची वाटायची. मी बाळांची वजनं करायला आलेय." रविवारी उपासनेला बसतात, कुणी सांगितलं तर मराठीतलं एखादं भजन म्हणून दाखवतात. बाकी सहा दिवस वजनकाटा. कट्ट्यावर मी हे सांगितलं, पण कट्ट्याला वजनकाट्यात रस नव्हता.

मला मात्र हा उलटा प्रवास फार आवडतो. आपल्या कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी पहिल्यांदा आले ते 1852 साली, रॉयल वाइल्डर आणि त्यांची बायको एलायझा. त्यांच्या नावाचं चर्च आजही गावात आहे. ही दोघं अमेरिकेहून निघाली 1846 ला. सुएझ कालवा उघडायला तेव्हा तेवीस वर्षं अवकाश होता, त्यामुळे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून महिनेच्या महिने जहाजात. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथंच जन्मला, आणि पुढं अमेरिकेत कॉलेजच्या हजारो पोरांना परदेशी मिशनला पाठवणारी चळवळ सुरू करणाऱ्यांत तो पुढं होता. पण मला त्याच्यापेक्षा त्याची आई जवळची वाटते. 1887 साली नवरा तिकडं अमेरिकेत वारला. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेली ही बाई, आता घरी गप बसावं की नाही? मुलीला बरोबर घेऊन ती परत हिंदुस्थानात आली. तिच्या अमेरिकेतल्या घराची किल्ली कुणाच्या खिळ्याला होती, कोण जाणे. इतिहासात किल्ल्यांची नोंद नसते.

मलावीची वेळ आपल्या साडेतीन तास मागं. आमचे साडेआठ वाजले, भाकरी टाकायची वेळ झाली की तिकडं पाच वाजतात आणि फोन येतो. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते. सुरुवातीला मला वाटायचं, काय काय ऐकायला मिळेल. जंगल, सिंह, झालंच तर नाच. ऐकायला मिळालं ते असं: पाणी किती वाजता आलं, बादल्या किती भरल्या, लाइट कधी गेली, धुणं वाळलं की नाही. तिथली बहुतेक वीज शिरे नावाच्या नदीवर तयार होते आणि ती जाते मात्र आपल्यासारखीच, न सांगता. मग कोळशाची शेगडी. शेगडीला तिकडं म्बावुला म्हणतात. सिस्टर म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वी शेगडी टाकून गॅस घेतला, आता उतारवयात परत फुंकणी हातात." तक्रार म्हणून नाही, हिशेब सांगावा तशा.

सरांना पहिल्या आठवड्यात गणित शिकवायला मिळालंच नाही. बाकांचे पाय निखळले होते, ते ठोकत बसले. नंतर वर्ग मिळाला, त्यात पोरं इतकी की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे खासबागच्या मैदानात कुस्ती पुकारावी लागते तसं ओरडायचं. सरांचा आवाज त्यासाठीच बनलेला आहे, आमची दुपारची झोप त्याला साक्षी आहे.

भाषेचा पहिला धडा तर विमानतळावरच. समोरचा माणूस हसून म्हणाला, "मुली ब्वांजी?" सर मागं वळून बघायला लागले, कुठल्या मुली? तिथल्या चिचेवा भाषेत त्याचा अर्थ, कसं काय, बरं आहे ना. तिथं म्हणे भेटल्यावर आधी हे विचारायचं, समोरच्यानं बरंय म्हणायचं, मग त्यानं तुम्हाला विचारायचं, तुम्ही सांगायचं आणि मगच कामाचं बोलायचं. दुकानात मीठ मागायचं असलं तरी. सिस्टरची खरी पंचाईत झाली ती इथं. वॉर्डात उभं आयुष्य "हं, काय होतंय? जीभ दाखवा" यात गेलेलं. पहिल्या दिवशी एका आजीला त्यांनी थेट दंडाला पट्टा बांधला, तर आजी रुसून बसली. आता त्या रांगेतल्या प्रत्येकीला आधी ख्याली-खुशाली विचारतात. मी म्हटलं, "सिस्टर, हे तुम्ही इथं केलं असतं तर पेशंट घाबरून बरे झाले असते."

वजनाचा दिवस म्हणजे त्यांचा सगळ्यात आवडता दिवस. झाडाच्या फांदीला काटा टांगायचा, त्याला झोळी, झोळीत बाळ. आपल्याकडं अंगणवाडीत असतो तसाच. आया लांबून चालत येतात, पाठीशी चितेंजे नावाच्या रंगीत कापडात बाळ बांधलेलं. आपल्या नंबराची वाट बघताना त्या गाणी म्हणतात, आणि गाण्यात काय, तर मच्छरदाणी लावा, पाणी उकळून प्या, बाळाला अंगावर पाजा. म्हणजे आरोग्य खात्याची पाटी चालीत बसवलेली. सिस्टरना सगळ्या 'आगोगो' म्हणतात. आगोगो म्हणजे आजी, आणि आजोबाही. सरांनाही तेच. लिंगभेदाचा प्रश्नच मिटला.

जेवणात न्सिमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा मोडायचा, पालेभाजीत बुडवायचा. सरांना वाटलं, आता आपली चटणी काढून कोल्हापूरचं नाव करावं. शाळेतल्या मास्तरांना पानावर वाढली. त्यांनी शांतपणे खाल्ली, "छान आहे," म्हणाले आणि घाम न येता आणखी मागितली. मग एकानं आपली बाटली पुढं केली. नाली. तिथल्या पिरी-पिरी मिरच्यांचा प्रसिद्ध सॉस, नाव नाली. सरांना नावाचंच हसू आलं आणि त्या हसण्यात त्यांनी चमचाभर घेतला. पुढं दहा मिनिटं ते बोलले नाहीत. हा भाग सिस्टरनीच सांगितला, सर मागं भिंतीकडं तोंड करून उभे होते. गल्लीत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

त्यांच्याच आवारात अमेरिकेतल्या युटाहून आलेलं एक म्हातारं जोडपं राहतं, मॉर्मन पंथाचं. त्यांच्यात निवृत्त जोडप्यांनी स्वतःच्या खर्चानं सेवेला जायची रीतच आहे. सहा महिने, बारा, अठरा, फार तर तेवीस. तरुण पोरंही जातात, मुलगे दोन वर्षं, मुली दीड. सगळ्यांच्या छातीवर काळी नावाची पट्टी. सेवेवर असलेल्या पुरुषाला 'एल्डर' म्हणायचं, म्हणजे वडीलधारा, मग तो एकोणीस वर्षांचा का असेना. आणि बाईला 'सिस्टर'. तर एका संध्याकाळी त्या आजोबांनी आपल्या बायकोला चारचौघांत "सिस्टर अमुकतमुक" अशी हाक मारली. आमचे सर खुर्चीतून उठलेच. चाळीस वर्षांत त्यांना जोडीदार भेटला होता! आता चौघांची रोज चहाच्या वेळी बैठक असते. अर्थात चहा हे दोघंच पितात, त्यांच्या पंथात चहा-कॉफी चालत नाही. ते लिंबूपाणी घेतात आणि कपड्याला पडलेला डाग कसा काढावा यावर बोलतात. दोन खंडांतले दोन पंथ, आणि विषय डागाचा. मला हे फार पटतं.

इकडं माझी सेवाही चालू असते. दर रविवारी त्यांच्या खिडक्या उघडायच्या, नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ द्यायचं, सरांची गाडी मुलाकडून पाच मिनिटं सुरू करून ठेवायची. लाइटचं बिल, घरपट्टी. एक दिवसाआड झाडांना पाणी. सदाफुली माझ्यावर रागावून गेली, पण कढीपत्ता माझ्या उंचीचा झालाय. सिस्टर तो मला व्हिडिओवर दाखवायला लावतात आणि मग थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. नुसतं पानाजवळ फोन धरायचा.

ऋतू उलटे असल्यानं आमचं बोलणं नेहमी एकमेकांच्या हवेत अडखळतं. गेल्या जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, पंचगंगा इशारा पातळीकडं निघाली, मी इथं सामान माळ्यावर चढवत होते आणि सिस्टर तिकडं स्वेटर घालून कुडकुडत होत्या. त्यांचा पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो. त्यामुळे नाताळ भर पावसात, आणि लाइट नाही. त्यांनी म्बावुलावर करंज्या तळल्या. सारणाला ओलं खोबरं नव्हतं, शेंगदाण्याचा कूट घातला. मी म्हटलं, "म्हणजे शेंगदाण्याच्या पोळीची करंजी झाली." त्या म्हणाल्या, "इथली पोरं तिला मंदासी म्हणाली. आमच्यात मंदासी म्हणजे तळलेला गोड गोळा, पण असू दे." हे "आमच्यात" ऐकून माझी भाकरी तव्यावर करपली.

वर्षासाठी गेले होते. मे उलटला, मग सर फोनवर घसा खाकरून म्हणाले की नवीन मास्तर मिळेपर्यंत आणखी सहा महिने. मी म्हटलं, बरं. घरी आल्यावर काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय, पण फोनवर बरंच म्हणते.

फेब्रुवारीत त्यांच्या हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. मी विचारलं, सेल बदलू का? सर म्हणाले, "बदल, आणि आमची वेळ लाव. म्हणजे तुला फोन करताना हिशेब करायला नको." मुलाच्या हातून लावून घेतली. त्या घरात तेव्हापासून मलावीची वेळ चालते.

परवा सकाळी साडेसहाला झाडांना पाणी घालायला गेले. तांब्या भरताना वर लक्ष गेलं, घड्याळात तीन वाजले होते. पाणी घातलं, नळ घट्ट केला. बाहेर आले तेव्हा कुलूप वाजू नये म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून लावलं.