शाकाहारी माणसाने ज्यू खाणावळीत काय खावं?

"तुम्ही तर मांस-मच्छी खात नाही, मग त्या ज्यू हॉटेलात जाऊन खाता तरी काय?" न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्यांना सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या बी अँड एच डेअरीत जेवायला न्यायचं ठरवलं, की हा प्रश्न येतोच. मावशी फोनवर विचारते, मंडळातल्या मैत्रिणी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्न अगदी रास्त आहे. या शहरातलं ज्यू खाणं म्हटलं की सगळ्यांना पास्त्रामी आठवते. मसाला चोळून, धुरी देऊन, वाफवलेलं गोमांस, राय ब्रेडच्या दोन चकत्यांमध्ये थरावर थर रचलेलं. हाउस्टन स्ट्रीटवरच्या कॅट्झ डेलीचा, म्हणजे अशा सँडविचांच्या खाणावळीचा, इतिहास १८८८पर्यंत मागे जातो आणि आजही तिथे रांग असते. मी ती रांग बाहेरूनच पाहते. पण ज्यू स्वयंपाकाची ही एकच बाजू झाली. दुसरी बाजू दुधा-लोण्याची, चीजची, बटाट्या-कांद्याची, बिटाची आणि जवाची. तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

या दोन बाजू का पडल्या, ते कळलं की बाकीचं सोपं होतं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात तीन ठिकाणी येते. तिच्यावरून धर्मपंडितांनी पिढ्यानपिढ्या नियम बांधत नेले. मांस आणि दूध एका पातेल्यात नको, एका ताटात नको, एका जेवणातही नको. भांडी वेगळी, चमचे वेगळे. मांस खाल्ल्यावर दुधाचा पदार्थ खाण्याआधी किती थांबायचं यालाही नेम आहे: काही घराण्यांत एक तास, काहींत तीन, पुष्कळांत सहा. धान्य, भाज्या, फळं, अंडी, मासे हे दोन्हींत मोडत नाहीत, त्यांना ‘पार्वे’ म्हणतात. साहजिकच, नियम पाळून हॉटेल चालवणाऱ्याला एक बाजू निवडावी लागते. मांस विकणाऱ्या डेलीत लोणी नाही आणि डेअरी रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात मांसाचा तुकडाच काय, हाडाचा रस्साही नाही. (कॅट्झ स्वतःला कोशर, म्हणजे हे नियम पाळणारी, म्हणवत नाही. तिथे गोमांसावर चीज घातलेलं सँडविचही मिळतं. हा फरक पुष्कळ अमेरिकनांनाही ठाऊक नसतो.)

आता अमेरिकेत शाकाहारी माणसाचं जेवण कसं असतं ते आठवून पाहा. सूप भाज्यांचं दिसतं, पण पाणी कोंबडीचं असतं. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते. वाढणाऱ्याला चार प्रश्न विचारावे लागतात, तो आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो, टेबलावरचे बाकीचे थांबून राहतात. वर्षानुवर्षं हे केलं की बाहेर जेवण्याची हौसच कमी होते. डेअरी खाणावळीत मी यातलं काहीही विचारत नाही. माझ्यासाठी कुणी वेगळी सोय केलेली नाही, कुणी उपकार म्हणून भाजी परतून दिलेली नाही. मूळ स्वयंपाकच तसा आहे, माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून. काय कशाला लागता कामा नये, याची काळजी घेणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरात मला निर्धास्त वाटतं. तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हेच.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत आले. रशियन साम्राज्यातल्या छळाला आणि दारिद्र्याला कंटाळून आलेली ही माणसं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या कोंदट चाळींत राहिली, शिवणकामाच्या कारखान्यांत राबली. १९२४च्या स्थलांतर रोखणाऱ्या कायद्याने हा ओघ जवळजवळ थांबला. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर तेव्हा यिडिश या त्यांच्या भाषेतल्या नाटकांची थिएटरं होती आणि आसपास डेअरी रेस्टॉरंटं होती. त्यांतलं डिलान्सी स्ट्रीटचं रॅटनर्स सर्वांत नावाजलेलं, १९०५ साली सुरू झालं आणि २००२मध्ये बंद पडलं. बाकीची त्याच्या आधी-मागे गेली. ज्यू कुटुंबं उपनगरांत गेली, मुलांना आजीची भाषा येईना, भाडी वाढली. १९३८ साली उघडलेलं बी अँड एच मात्र तग धरून आहे.

दुकान इतकं अरुंद की काउंटरवर बसलेल्यांच्या पाठीमागून जाताना अंग चोरावं लागतं. एका बाजूला लांब काउंटर आणि स्टुलं, आत थोडी टेबलं, बस. काउंटरपलीकडे वाफाळती पातेली, तवा आणि ऑर्डरींचा आरडाओरडा. बहुतेकदा स्पॅनिशमध्ये, कारण काउंटरमागची बरीच मंडळी लॅटिन अमेरिकेतली आहेत. इथल्या टी-शर्टवर ‘हाला, पोर फावोर’ असं छापलेलं असतं. हाला हा ज्यूंचा शुक्रवार रात्रीचा पाव, अंडी घालून मळलेला, मऊ, किंचित गोड. आणि ‘पोर फावोर’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘कृपया’. गेली वीसेक वर्षं हे दुकान चालवतं आहे ते जोडपंही ज्यू नाही: नवरा इजिप्तहून आलेला मुसलमान, बायको पोलंडची कॅथलिक. दुसऱ्याच्या धर्माचा स्वयंपाक इतकी वर्षं नियमाने सांभाळणं ही मला मोठी गोष्ट वाटते. बातम्यांत रोज जे ऐकतो, त्याच्यापुढे तर फारच मोठी.

२६ मार्च २०१५ रोजी याच फुटपाथवर, दोन-चार दारं सोडून गॅसचा स्फोट झाला. तीन इमारती कोसळल्या, दोन तरुण दगावले. बी अँड एचची इमारत वाचली, पण गॅस तोडला गेला आणि पुढे परवानग्यांच्या फेऱ्यांत दुकान महिनोन्‌महिने बंद राहिलं. तेव्हा शेजारपाजारच्यांनी, जुन्या गिऱ्हाइकांनी पैसे गोळा केले. ऑगस्टमध्ये दार पुन्हा उघडलं. मोहल्ल्याची खाणावळ म्हणजे काय, हे मला त्या उन्हाळ्यात दिसलं. तिथे ज्यू किती आणि बाकीचे किती हे कुणी मोजत नव्हतं. प्रत्येकाला आपलं सूप परत हवं होतं.

हे सगळं ऐकून ठाण्याची माझी बहीण म्हणाली, "अगं, पण आपल्या शेजारच्या काकू ज्यूच होत्या. त्यांच्याकडे असलं काही कधी पाहिलं नाही." बरोबर आहे. त्या बेने इस्राएल, कोकणातल्या. आडनाव म्हणजे गावाचं नाव आणि पुढे ‘कर’, घरात मराठी, शनिवार पाळायचा. तेलाच्या घाण्याचा धंदा करणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) ‘शनिवार तेली’ म्हणत. मांस-दुधाचा तोच नियम त्यांनी नारळाने सांभाळला. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं की गाई-म्हशीच्या दुधाचा प्रश्नच उरत नाही. नव्या वर्षाला त्यांच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा व्हायचा, तोही नारळाच्या दुधातला. नवस फेडायचा तर एलियाहू हनावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. त्यांच्या जुन्या सणांची नावंसुद्धा खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी. पोलंडहून आलेल्या ज्यू बाईला बिरडं माहीत नाही आणि आमच्या काकूंना मात्झो बॉल माहीत नव्हता. पण दोघींनी एकच नियम पाळला, एकीने बर्फाच्या मुलखात, दुसरीने माडांच्या. ‘ज्यू पदार्थ’ असं एकच काही नाही हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते. बी अँड एचमध्ये मिळतं ते पूर्व युरोपातल्या ज्यूंचं घरगुती खाणं. त्यातलं बरंचसं त्यांच्या शेजाऱ्यांशी सामाईक आहे. तिथून जवळच नवव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर १९५४पासून व्हेसेल्का नावाचं युक्रेनी हॉटेल आहे. बोर्श्ट हे बिटाचं सूप आणि पिएरोगी तिथेही मिळतात, फक्त तिथल्या स्वयंपाकघरात मांसही असतं.

आता काय खायचं ते. सूप घ्याच. माझं आवडतं मश्रूम आणि जवाचं, इतकं दाट की जव चावून खावे लागतात. त्यात मिऱ्याशिवाय तिखट म्हणावं असं काही नसतं, आणि पहिल्या दोन चमच्यांना तुम्हाला ते सपक वाटेल. थांबा. मश्रूमची चव सावकाश चढते. सूपबरोबर लोणी लावलेल्या हालाच्या जाड चकत्या येतात, त्यांच्यासाठीच पुष्कळजण येतात. मात्झो बॉल हवा असेल तर तोही इथे निर्धास्त घ्या. मात्झा म्हणजे वल्हांडणाच्या सणाला खायची बिनखमिराची कडक पोळी. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून व्हावी लागते. तिच्या चुऱ्यात अंडी आणि स्निग्ध पदार्थ कालवून, गोळे वळून उकडतात. इतरत्र ते कोंबडीच्या चरबीत करून कोंबडीच्या रश्श्यात सोडतात, इथे तसं नसतं.

पिएरोगी करंजीच्या आकाराचे, आत बटाटा, वर तांबूस परतलेला कांदा, बाजूला आंबट साय. उकडलेले की तळलेले असं विचारतील, तळलेले सांगा. ब्लिंट्झ हा माझा मोह. पातळ धिरडं एकाच बाजूने भाजायचं, त्यात पनीरसारखं ताजं चीज घालून चौकोनी घडी घालायची आणि ती लोण्यात खरपूस करायची. शावूओत या सणाला दुधाचे पदार्थ खाण्याची रीत आहे, तेव्हा घरोघरी हे होतात. लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्या-कांद्याचे तळलेले चपटे वडे, हनुक्का या सणाला तेलाच्या दिव्याची आठवण म्हणून करायचे. ते सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खातात. मला ती जोडी अजून पटलेली नाही, मी आंबट साय घेते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण इथे फसगत होऊ शकते. डेअरी म्हणजे मांस नाही एवढंच, आपलं ‘शुद्ध शाकाहारी’ नव्हे. मासे मिळतात आणि अंडं तर पुष्कळ ठिकाणी असतं: हालामध्ये, मात्झो बॉलमध्ये, ब्लिंट्झच्या धिरड्यात, लाटकेमध्ये. आमच्या घरी अंडं चालतं, सासूबाईंना चालत नाही. त्या आल्या की आम्ही डाळीचं किंवा जवाचं सूप सांगतो, हालाऐवजी बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, मागतो आणि दोन्हींत अंडं नाही ना एवढं काउंटरवर विचारून घेतो. दुकानातून पाकीटबंद काही घेतानाही हे उपयोगी पडतं. गोलात यू (कोशर असल्याची खूण) आणि शेजारी डी (म्हणजे डेअरी) असं चिन्ह असेल तर त्यात मांस नाही हे नक्की, अंड्या-माशासाठी घटकांची यादी वाचायचीच.

जायचं तर दुपारी अडीच-तीनला जा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते. दोघं असाल तर टेबलासाठी थांबू नका, काउंटरवर बसा. तिथून तवा दिसतो. दोन वेगळी सूपं आणि ब्लिंट्झची एकच प्लेट मागवा, एका माणसाला ती जास्त होते.