तुम्ही विचारलंत म्हणून : ऊन लागलं की पाण्यातली औषधं जातात ना?

केमिस्ट्रीत एमएस्सी केलंय हे नातेवाइकांना कळलं की मग सुटका नसते. हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, मागच्या वेळी एका साखरपुड्यात जेवणाच्या रांगेत आला. नदीनाल्यात अँटिबायोटिक्स सापडतात म्हणे, पण आपल्या लातूरचं ऊन म्हणजे काय विचारता, त्यात सगळं जळून जात असेल की नाही? विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं आणि खरं सांगायचं तर ‘हो’ हे उत्तर चूकही नाही, म्हणून तर पंचाईत.

कधी डॉक्सीसायक्लीन ही अँटिबायोटिक घेतली असेल तर आठवा, पाकिटावर उजेडापासून लांब ठेवा असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर वर म्हणतात गोळ्या चालू आहेत तोवर उन्हात फिरू नका. दोन्हीचं कारण एकच, हा रेणू ऊन शोषतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचं तसंच. उन्हातला अतिनील भाग त्याने पकडला की ती ऊर्जा कुठेतरी जायला हवी, मग रेणूच्या बाजूची रिंग तुटते, फ्लोरिन निघून जातं, आणि स्वच्छ उथळ पाणी असेल, वर कडक ऊन असेल तर काही तासांत निम्मं सिप्रो संपतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र असं स्वतः ऊन पकडत नाही. त्याला आडवाट लागते, म्हणजे पालापाचोळा कुजून पाण्याला जो चहासारखा रंग येतो ना, त्यातले पदार्थ ऊन पितात, पाण्यातल्या ऑक्सिजनला चेतवतात आणि तो मग औषधावर तुटून पडतो. गंमत अशी की हेच चहाचं पाणी खालच्या थरावर सावलीपण धरतं, त्यामुळे मदत किती आणि अडथळा किती हे पाण्यापाण्यावर आहे.

आता माझी फजिती. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी टेट्रासायक्लीन घेतलं होतं, कारण स्वस्त आणि पिवळं, उन्हात ठेवलं की रंग गडद होत जातो, डोळ्यांना दिसतं काहीतरी होतंय. कॉलेजच्या गच्चीवर बीकर मांडायचे, अर्धे उघडे, अर्धे फॉइल गुंडाळून अंधारात, आणि दर तासाला थोडं पाणी काढून खाली औषध मोजायच्या मशीनला लावायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सगळं शहाण्यासारखं झालं, उघड्यातलं औषध कमी, फॉइलमधलं जसंच्या तसं. मग म्हटलं खऱ्या पाण्यात करू, आणि जूनच्या पहिल्या पुराचं मांजरा नदीचं गढूळ पाणी कॅनमध्ये भरून आणलं. उन्हातल्या बीकरमधलं औषध झपाट्याने गेलं, मी खूश, आलेख काढून सरांकडे पळाले. सरांनी आलेख बघितलाच नाही, फॉइलवाल्या बीकरचा आकडा मागितला. तो मी धड बघितलाच नव्हता. त्यातलंही औषध जवळजवळ तेवढंच गेलेलं! सर म्हणाले, ऊन नव्हतं ना तिथे, मग गेलं कुठे?

तळाशी गाळ बसला होता तिथे. टेट्रासायक्लीन चिकणमातीला घट्ट चिकटतं, सिप्रोसुद्धा. आम्ही सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे गरागरा फिरवून गाळ तळाशी बसवून, वरचं निवळ पाणी तपासत होतो आणि औषध खाली चिखलात आरामात बसलं होतं, जिथे अतिनील किरण पोचतच नाहीत. गढूळ पाण्यात ते वरच्या काही सेंटिमीटरमध्येच संपतात.

ते प्रकरण मला पाटणचेरूबद्दल वाचल्यावर पुन्हा आठवलं. हैदराबादजवळची ही औषध कारखान्यांची वसाहत, तिथे सुमारे 90 कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या टीमला लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं, 2007 साली त्यांनी ते छापलं. हिशोब करा, सोळा लिटरच्या बादलीत 500 मिलिग्रॅमची एक अख्खी गोळी, आणि हे शुद्ध केल्यानंतरचं पाणी! गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तातसुद्धा एवढं नसतं. त्यांच्या अंदाजाने दिवसाला 45 किलो जात होतं, म्हणजे 90 हजार गोळ्या रोज. ऊन तेलंगणातही काही कमी नाही हो. पण तिथल्याच नदीचा गाळ तपासला, 2011 मध्ये ते छापून आलं, तर त्यात जिवाणूंना अँटिबायोटिकला दाद न देण्याची ताकद देणाऱ्या जनुकांचा नुसता बाजार भरलेला. हे पाणी तेव्हा पुढे मंजिऱ्याला मिळायचं, म्हणजे आपल्या बीडच्या डोंगरात उगवलेल्या मांजरेलाच, फक्त बरंच खाली, त्यामुळे लातूरकरांनी या बाबतीत तरी घाबरू नये, पाणी उलटं चढत नाही.

आपल्याकडून जातं ते वेगळ्या वाटेने. सिप्रोच्या गोळीतला साधारण निम्मा भाग लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो, तिथून गटार, तिथून नाला. नाला काळा, वर फेस, पुढे नदीत जलपर्णी. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी सतरंजी बघितली असेल तुम्ही, लोक डासांसाठी बोंब मारतात ते बरोबरच आहे, पण मी पुलावरून बघते तेव्हा मला ती माझ्या बीकरवरच्या फॉइलसारखी दिसते. त्यात पावसाळ्यात ढग आणि गढूळ पाणी, दोन्ही एकदम.

आणि तुटलं म्हणजे मेलं असंही नाही, सिप्रोच्या काही तुकड्यांत मूळ गाभा शाबूत राहतो आणि ते थोडंफार काम करतच राहतात.

त्या दिवशी रांगेत एवढं सगळं कुठे सांगणार, मागचे लोक ताट घेऊन खोळंबले होते. मी म्हटलं हो काका, जळतं, पण वरवरचंच. काका म्हणाले मग खालचं? तेवढ्यात वाढप्याने मठ्ठा पुढे केला.